शेफारलेली आणि फसलेली: एकाच मुलीची दोन चित्रं

१. प्रश्न लग्नाचा

लग्नाला मुली मिळत का नाहीत? मोहोळ, माढा, करमाळा, सांगोला, कुठंही पारावर बसा, हा प्रश्न निघतोच. पोरगं तिशी ओलांडलेलं, पाच एकर ऊस, दारात ट्रॅक्टर, घर बांधून झालेलं. तरी बायोडाटा नुसता या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. ज्या घरात असं पोरगं आहे तिथं गंमत नसते.

२१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापूरकरांनी या प्रश्नाची चक्क वरात पाहिली. ज्योती क्रांती परिषदेच्या रमेश बारसकर यांच्या पुढाकारानं अविवाहित तरुण नवरदेवाच्या पोशाखात, काही जण घोड्यावर बसून, बँड लावून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. आम्हाला नवरी मिळवून द्या, अशी मागणी. देशभरच्या वाहिन्यांनी ते घोडे दाखवले आणि हसून बातमी संपवली. पण निवेदनात आणखी एक मागणी होती: गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याची कडक अंमलबजावणी करा. म्हणजे या नवरदेवांनी बोट मुलींकडे दाखवलं नव्हतं. जन्मालाच न येऊ दिलेल्या मुलींचा हिशेब त्यांनी मागितला होता. या विषयावर एरवी जे बोललं जातं, त्याच्या मानानं हे फारच वेगळं होतं.

हिशेब तसा सोपा आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. ती पिढी २०२२ च्या अखेरीस एकवीस ते अठ्ठावीस वर्षांची, म्हणजे ऐन लग्नाची झाली. २०११ मध्ये आकडा ८९४ वर आला. बीड जिल्ह्यात तर ८०७ वर. आता समजा, एका गावात लग्नाची १०० मुलं आहेत आणि ९१ मुली. त्यातल्या २५ मुली पुण्या-पिंपरीच्या नोकरदारांना दिल्या. उरल्या ६६. चौतीस मुलं बाशिंगावाचून राहिली. या चौतिसांपैकी नऊ जणांच्या वाट्याची मुलगी जन्मालाच आली नाही. बाकीचे पंचवीस शेतीच्या बेभरवशाच्या उत्पन्नामुळे मागे पडले. कारण मुलीच्या बापालाही जावई पगारदारच हवा असतो, तो स्वतः शेतकरी असला तरी.

२. चौतीस मुलांची चार उत्तरं

ही मुलं बिनलग्नाची का राहिली, याची चार उत्तरं ऐकायला मिळतात. मुली कमी जन्मल्या, हे पहिलं. शेती परवडत नाही, हे दुसरं. तिसरं उत्तर असं: मुली शिकल्या, शेफारल्या, त्यांना फ्लॅट हवा, सासू नको, अपेक्षा आभाळाला भिडल्यात. आणि चौथं: आपल्या मुली परधर्माची पोरं फूस लावून पळवतात.

पहिल्या दोन उत्तरांवर मोर्चे निघतात, पण ते लवकर विसरले जातात. तिसरं आणि चौथं उत्तर मात्र मोबाइलवर रोज नवं होऊन येतं. आणि गंमत बघा, ही दोन उत्तरं एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. तिसऱ्यातली मुलगी हिशेबी आहे. बायोडाट्यातले एकर अन् गुंठे बघून नकार देणारी. चौथ्यातली मुलगी इतकी भाबडी की कुणीही यावं आणि तिला भुलवून न्यावं. एकाच भाषणात, एकाच व्यासपीठावरून, एकाच मुलीची ही दोन चित्रं रंगवली जातात आणि कुणाला खटकत नाही. का? कारण दोन्हींवरचा उपाय एकच निघतो. शेफारली असेल तर आवरा, फसणार असेल तर आवरा. तिचं लग्न लवकर करा, मोबाइल काढून घ्या, कॉलेजला भाऊ सोडायला जाऊ दे.

या दोन चित्रांचा जोड स्त्रीवादाला विरोध करणाऱ्या राजकारणात सव्वाशे-दीडशे वर्षं टिकून आहे. तो कसा, हे बघण्याआधी दोन शब्दांचा अर्थ ठरवून घेऊ.

३. दोन शब्द, एक सातबारा

स्त्रीवाद म्हणजे पुरुषांचा द्वेष, हा समज इतका पसरलाय की अनेक बायकाही ‘मी काही स्त्रीवादी नाही हं’ असं आधी सांगून मगच समान पगाराबद्दल बोलतात. खरं म्हणजे मूळ मागणी साधी आहे: सज्ञान बाईनं शिक्षण, काम, लग्न, मूल याबद्दलचा निर्णय स्वतः घ्यावा, आणि कायद्यानं तिला पुरुषाच्या बरोबरीनं धरावं. या मागणीमुळे कुटुंब, धर्म किंवा देश बुडेल असं म्हणून तिच्याविरुद्ध संघटितपणे उभं राहणं, हा स्त्रीवादविरोध. एखाद्या कायद्याचा गैरवापर होतो का, असं विचारणं म्हणजे स्त्रीवादविरोध नाही. हुंडाछळाच्या कलमाखाली सरसकट अटक व्हावी की नको, यावर सर्वोच्च न्यायालयानंच २०१७ मध्ये एक आणि २०१८ मध्ये दुसरं म्हटलं. असे वाद चालायचेच.

आता राष्ट्रवाद. ज्याच्याकडे नागरिकत्व तो आपला, असं मानणारा एक राष्ट्रवाद असतो. दुसरा राष्ट्राला एक मोठं कूळ समजतो: एक रक्त, एक धर्म, एक परंपरा. कडवं उजवं राजकारण या दुसऱ्याच्या टोकाला उभं असतं. कुळाला दोन काळज्या असतात, माणसं घटू नयेत आणि बाहेरचं रक्त मिसळू नये. या दोन्ही काळज्यांची वाट बाईच्या पोटातून जाते. म्हणून कूळवादी राष्ट्रवाद बाईबद्दल उदासीन राहूच शकत नाही. तो तिला मान देतो, आई म्हणतो, देवी म्हणतो, तिच्यासाठी मारामारीला उतरतो.

फक्त मालकी देत नाही. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर कित्येक बायकांची नावं वर्षानुवर्षं भोगवटादाराच्या जागी न लागता ‘इतर हक्क’ या रकान्यात पडून राहतात, हे शेतकरी वाचकाला सांगायला नको. कुळासारख्या राष्ट्राच्या सातबाऱ्यावर बाईला तो रकानाही मिळत नाही. तिथं ती गट नंबर असते: जिची मोजणी होते, जिच्या बांधावरून डोकी फुटतात, पण जिची सही लागत नाही अशी जमीन.

४. रखमाबाईंचा नकार

महाराष्ट्रात हे सगळं पहिल्यांदा उघड्यावर आलं ते एका मुलीनं सही द्यायला नकार दिला तेव्हा.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागलं, पण त्या आईच्या आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या, वाचत-शिकत मोठ्या झाल्या. पुढं दादाजींनी नांदायला बोलावलं तेव्हा त्या गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी उच्च न्यायालयात दावा लावला: बायको ताब्यात द्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. जिनं कधी संसारच सुरू केला नाही तिला, तिच्या मर्जीविरुद्ध, एखाद्या वस्तूसारखं नवऱ्याच्या हवाली करणं त्यांना पटेना. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन.

त्यानंतर वर्तमानपत्रांतून जो गदारोळ उठला, त्यात ती दोन्ही चित्रं शेजारी शेजारी सापडतात. एकीकडं, इंग्रजी शिक्षणानं डोकं फिरलेली, नवरा गरीब म्हणून नाकारणारी शेफारलेली बाई. दुसरीकडं, आई आणि आजोबांनी मालमत्तेसाठी पढवलेली, सुधारकांच्या हातातलं बाहुलं. तिला स्वतःचं मत असेल आणि ते तिनंच बनवलं असेल, ही शक्यता दोन्ही बाजूंनी निकालात निघते. खरं तर तिनं ते लिहूनही ठेवलं होतं. ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावानं टाइम्स ऑफ इंडियात १८८५ साली बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर जी पत्रं आली, ती रखमाबाईंचीच.

लोकमान्य टिळकांनी रखमाबाईंविरुद्ध लेखणी चालवली. हिंदू लग्नसंस्थेत परक्यांच्या कोर्टानं ढवळाढवळ करू नये, हा मुद्दा. पण इथं एक गोष्ट आहे जी या वादात मला सगळ्यांत मनोरंजक वाटते. बायकोला कोर्टाच्या हुकमानं नांदायला आणायचा दावा हा मुळी आपल्या धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून इकडं आला होता. पिन्हे यांनी निकालात नेमकं हेच म्हटलं होतं. आणि इंग्लंडमध्ये तर १८८४ सालीच, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, या कारणासाठी तुरुंगात टाकणं बंद झालं होतं. म्हणजे इंग्रजांनी स्वतःच्या घरातून बाहेर काढलेली वस्तू आपल्याकडं ‘सनातन परंपरा’ म्हणून छातीशी धरली गेली. परंपरेच्या नावावर काय काय खपतं याचा यापेक्षा चांगला दाखला शोधूनही मिळणार नाही.

१८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी नाद सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, सुरत आणि राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत आयुष्यभर काम केलं. वारल्या १९५५ मध्ये. त्याच वर्षी संमत झालेल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो नांदायला आणायचा दावा आहे. अजून आहे. तुरुंगाची शिक्षा तेवढी मधल्या काळात गेली.

५. दहाचं बारा

१८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. नवरा पस्तिशीचा. त्यावेळच्या कायद्यात संमतीचं वय दहा होतं, आणि फुलमणीनं दहावं ओलांडलेलं. त्यामुळे बलात्काराचा आरोप टिकला नाही. त्याला वर्षाची सक्तमजुरी झाली. सुधारक बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध ओरडून सांगत होतेच. जानेवारी १८९१ मध्ये सरकारनं विधेयक आणलं: दहाचं बारा करा. बस्स, एवढंच.

एवढ्यावरून देश पेटला. पुण्यात विरोधाच्या प्रचंड सभा झाल्या, सुधारकांची सभा उधळली गेली. डॉ. रामकृष्ण भांडारकरांनी संस्कृत ग्रंथ उलगडून दाखवलं की यात धर्म बुडत नाही, न्या. तेलंग पाठिंब्याला उभे राहिले. आगरकर ‘सुधारक’मधून झुंजले. १९ मार्च १८९१ ला कायदा झाला. पण लोकांच्या मनात पक्कं बसलं ते दुसरंच: जो या कायद्याला विरोध करतो तो स्वराज्याचा, जो पाठिंबा देतो तो साहेबाचा. हे समीकरण फार महागात पडलं.

टिळकांना आजच्या मापानं ‘कडवे उजवे’ म्हणणं चूक आहे, आणि अन्यायाचंही. मुलीचं लग्न सोळाआधी करू नये, मुलाचं विसाआधी करू नये, चाळिशीनंतर पुरुषानं लग्न करू नये, विधवांचं केशवपन करू नये, अशा प्रतिज्ञा सुधारकांनी आधी स्वतः घ्याव्यात, असा उलट प्रस्ताव त्यांनीच १८९० मध्ये ठेवला होता. त्यांचा आक्षेप परक्या सत्तेला होता, आणि परकी सत्ता काही बायकांच्या कळवळ्यानं राज्य करत नव्हती. हेही खरं की न्या. रानड्यांसारख्या सुधारकाग्रणींनी पहिली पत्नी गेल्यावर लग्न केलं ते अकरा वर्षांच्या रमाबाईंशी. पण हे सगळं जमेला धरूनही एक गोष्ट उरते. बाहेरचं जग साहेबानं घेतलं, आता घर तरी आपलं राहू द्या, या भावनेतून घरातली बाई ही स्वाभिमानाची शेवटची गढी ठरली. गढीला कुणी विचारत नाही की तुला लढायचंय का.

आणि त्या गढीच्या मागच्या दारी काय चाललं होतं ते बघायचं तर सोलापूर जिल्ह्यातच या, पंढरपूरला. वारीच्या गर्दीत गरोदर विधवा यायच्या, बाळंत व्हायच्या, मूल चंद्रभागेच्या काठी टाकून जायच्या. १८७५ च्या सुमारास तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी प्रार्थना समाजाच्या मदतीनं या मुलांसाठी आश्रम काढला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्येच असं घर उघडलं होतं. सभांमध्ये ज्या कुटुंबव्यवस्थेचं गुणगान चालू होतं, तिचा खर्च या पाळण्यांत मांडलेला होता.

स्वातंत्र्यानंतर हा पट पुन्हा मांडला गेला, आता इंग्रज नसताना. हिंदूंच्या लग्न-वारशाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल आलं तेव्हा ‘परक्यांची ढवळाढवळ’ हे कारण उरलं नव्हतं. तरी विरोध तसाच: घटस्फोट मिळाला तर बायका सोडून जातील, मुलीला वाटा मिळाला तर भाऊ-बहीण कोर्टात जातील. ११ डिसेंबर १९४९ ला राष्ट्रीय स्वयंसेवक संघानं दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधी सभा घेतली. सनातनी संन्यासी करपात्री महाराज देशभर फिरले. विरोध काँग्रेसमध्येही भरपूर होता, थेट राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांपर्यंत. बिल रखडलं आणि २७ सप्टेंबर १९५१ ला कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजीनामा दिला.

६. पाळण्यांची मोजणी

कुळाची पहिली काळजी, माणसं घटू नयेत, ही कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाही.

मुसोलिनीनं १९२७ मध्ये इटलीत अविवाहित पुरुषांवर कर बसवला. (सोलापूरच्या नवरदेवांनी हे ऐकलं असतं तर घोडे माघारी वळले असते.) हिटलर सत्तेवर आल्यावर जून १९३३ मध्ये जर्मनीत लग्नासाठी हजार मार्कांपर्यंत कर्ज द्यायला सुरुवात झाली. अट अशी की नवरीनं नोकरी सोडायची. प्रत्येक मुलामागे पाव कर्ज माफ. चार मुलं झाली की फिटंफाट. ज्यूंना अर्थातच हे कर्ज नव्हतं. पुढं १९३७ मध्ये शस्त्रकारखान्यांना हात कमी पडू लागले तेव्हा नोकरी सोडायची अट गुपचूप काढून टाकली. म्हणजे बाईची जागा चुलीपाशी की यंत्रापाशी, हे राष्ट्राच्या त्या त्या वेळच्या गरजेवर ठरत होतं. त्याआधी, १९१२ मध्ये, जर्मनीत स्त्रियांच्या मुक्तीशी लढण्यासाठीच एक संघटना निघाली होती. तिच्यात बायकाही सभासद होत्या.

आज हंगेरीत चार मुलांच्या आईला जन्मभर आयकर माफ आहे. त्याच सरकारनं २०१८ मध्ये विद्यापीठांतला स्त्री-पुरुष विषमतेचा अभ्यासक्रम बंद केला. हिटलरची आणि हंगेरीची बरोबरी करायची नाही. मुलांच्या आईला सवलत देण्यात वाईट काहीच नाही. सवलतीबरोबर स्थलांतरितांविरुद्धचा प्रचार हातात हात घालून येतो, तेव्हा कुणाच्या पाळण्याबद्दल बोलणं चाललंय ते कळतं. या विचाराचं सगळ्यांत भेसूर टोक नॉर्वेत दिसलं. २२ जुलै २०११ ला आंद्रेस ब्रेविक यानं ७७ माणसं मारली. त्याच्या जाहीरनाम्यात मुसलमानांच्या बरोबरीनं स्त्रीवादावर राग होता: बायका स्वतंत्र झाल्या, मुलं कमी झाली, म्हणून युरोप दुबळा झाला.

आपल्याकडं ही भीती युरोपातून आयात झालेली नाही. १९०९ मध्येच कलकत्त्याच्या यू. एन. मुखर्जींनी हिंदू ही मरत चाललेली जात आहे, असं लिहून मोठी खळबळ उडवली होती. १ डिसेंबर २०२४ ला नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले की लोकसंख्यावाढीचा दर २.१ च्या खाली जाऊ नये, म्हणून दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत. त्यांचा आकडा बरोबर आहे. २.१ म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी राहण्यासाठी एका बाईला सरासरी किती मुलं व्हावीत तो दर, आणि महाराष्ट्राचा दर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ होता. पण ‘ते वाढतात, आपण घटतो’ हे चित्र त्याच पाहणीतून उभं राहत नाही. १९९२–९३ मध्ये मुस्लिम बायकांचा दर ४.४ आणि हिंदूंचा ३.३ होता. २०१९–२१ मध्ये तो २.४ आणि १.९ झाला. अंतर १.१ वरून अर्ध्यावर आलं. हे कुणी मोर्चा काढून घडवलेलं नाही. मुली शाळेत गेल्या आणि त्यांनी आपापलं ठरवलं.

७. आरशापलीकडचे

हा रोग हिंदूंचाच, असं कुणाला वाटत असेल तर १८ एप्रिल १९६६ आठवा. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व रद्द करा म्हणून. मौलवींचं उत्तर शब्दाशब्दाला ओळखीचं होतं: या बायका फितवलेल्या आहेत आणि यांना मोकाट व्हायचंय. शाहबानोच्या पोटगीचा निकाल १९८५ मध्ये आला, तो फिरवणारा कायदा १९८६ मध्ये झाला, आणि त्याच १९८६ च्या फेब्रुवारीत अयोध्येतल्या वादग्रस्त जागेचं कुलूप निघालं. दोन्हीकडच्या कट्टरांची भांडणं जोरात असतात, पण बाईचा निर्णय कुणी घ्यायचा यावर त्यांचं क्वचितच दुमत होतं.

उलटही घडतं. एरवी स्त्रीवाद्यांना शिव्या घालणारे, परधर्मातल्या बाईचा विषय निघाला की अचानक कडवे स्त्रीवादी होतात. तलाकपीडितेसाठी त्यांचे डोळे पाणावतात, आणि शनिशिंगणापूरच्या, २०१६ पर्यंत बायकांना बंद असलेल्या, चौथऱ्यावर बाई चढली तेव्हा ते लाल झाले. तोंडी तलाक जावा, ही मागणी दलवाईंची होती आणि ती रास्तच होती. मागणी रास्त असणं वेगळं आणि मागणाऱ्याचा रोख वेगळा.

मग इतक्या बायका या राजकारणात हौसेनं का जातात? त्यांना मूर्ख समजणं म्हणजे आपणही ‘भाबडी’चं चित्र काढणं झालं. वर्ध्याला १९३६ मध्ये लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली. घराबाहेर पडणं, लाठी शिकणं, सभेत बोलणं, दौरे करणं हे त्या काळच्या मध्यमवर्गीय बाईला दुसरीकडं कुठं सहज मिळत नव्हतं. समितीनं आदर्श ठेवले तेही दणकट: मातृत्वाला जिजाबाई, कर्तृत्वाला अहिल्याबाई, नेतृत्वाला राणी लक्ष्मीबाई. सोलापूरच्या विद्यापीठालाही अहिल्यादेवींचंच नाव आहे. पण अहिल्याबाईंच्या आयुष्यातला कुठला भाग उचलायचा? १७५४ मध्ये नवरा कुंभेरीला पडल्यावर त्या सती गेल्या नाहीत. सासऱ्यांनी अडवलं, त्या थांबल्या, पुढं १७६७ पासून अठ्ठावीस वर्षं राज्य केलं. व्यासपीठावर देवळं आणि घाट यांचीच उजळणी अधिक होते. सती न जाण्याची होत नाही.

आणि ‘पूर्वी बाई घर सांभाळायची’ हे ज्या पूर्वीबद्दल म्हणतात ती पूर्वी सोलापूरच्या पूर्व भागानं कधी पाहिलीच नाही. तिथल्या पद्मशाली वस्त्यांत कित्येक घरांचा रोकडा पैसा विडीवर आला. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू, वळायची, दोरा मारायचा, हजारी पुरी करायची. कारखान्यात दिलेल्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जाणार, तो तोटा आपला. ही बाई घरात बसून आहे आणि घर तिच्यावर चाललंय. तिला कुणी शेफारलेली म्हणत नाही, कारण तिच्या कमाईनं अजून कुणाचा अभिमान दुखावलेला नाही.

८. तीस दिवसांची नोटीस

सोलापुरात नवरदेवांची वरात निघाली त्याच्या आठच दिवस आधी, १३ डिसेंबर २०२२ ला, महाराष्ट्र सरकारनं एक शासन निर्णय काढला. मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्या अध्यक्षतेखाली आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी, त्या मुलींचा माहेरशी संपर्क आहे का ते बघणारी समिती. ओरड झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ गाळलं, ‘आंतरधर्मीय’ राहिलं. निमित्त होतं वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीतल्या खुनाचं; आरोप तिच्या परधर्मीय जोडीदारावर. तिनं २०२० मध्येच, तो मला मारून टाकेल, अशी लेखी तक्रार पोलिसांकडं दिली होती. तक्रारीचं काय झालं, यासाठी समिती नेमावीशी वाटणं समजू शकतं. नेमली ती लग्नं मोजायला.

त्यानंतर राज्यभर हिंदू जनआक्रोश मोर्चे निघाले. ६ जानेवारी २०२४ ला सोलापुरातही निघाला. आमदार नितेश राणे आणि तेलंगणचे आमदार टी. राजा सिंह यांची भाषणं झाली, भाषणांबद्दल गुन्हेही दाखल झाले. या मोर्चांच्या मागण्यांत ‘लव्ह जिहाद’विरोधी कायदा पहिल्या रांगेत असायचा. केंद्र सरकारनं मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत सांगितलं होतं की अशी संज्ञा कायद्यात नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडं असं प्रकरण नोंदलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यानं कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली.

एखादी मुलगी खरंच फसवली जात असेल, ओळख लपवून लग्न होत असेल, तर फसवणुकीचा कायदा आहेच आणि तो लागलाच पाहिजे. प्रश्न तिथला नाही. मुलीला धोका कुठून आहे, याचा शोध या समित्या एकाच दिशेला घेतात. २०१९–२१ ची तीच राष्ट्रीय पाहणी सांगते की लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९ टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण वा अत्याचार सोसलाय. यातली बहुतेक लग्नं आईबापांनी, जातीत, पत्रिका बघून लावलेली. त्याच पाहणीत सोलापूर जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या सुमारे ४० टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २२ टक्के. १८९१ चा वाद या जिल्ह्यात अजून मिटायचाय, आणि त्यात परका कुणी नाही.

कायद्यानं ज्यांना स्वतः ठरवायचंय त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तो कसा चालतो ते बघा. दोघं सज्ञान, वेगवेगळ्या धर्मांची, लग्नाची नोटीस देतात. त्यांची नावं आणि पत्ते विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या फलकावर लागतात. तीस दिवस. या तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं आधीची बायको लपवून दुसरं लग्न करणारा नवरा असावा. पण फलक वाचायला येतो तो तिचा मामा, गल्लीतला कार्यकर्ता, किंवा नोटिसांचे फोटो काढून पुढं पाठवणारा तिऱ्हाईत. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की नोटीस लावायची की नाही हे त्या जोडप्यानंच ठरवावं. सर्वोच्च न्यायालयात या तरतुदीला आव्हान गेलं होतं. ती याचिका २०२२ मध्ये फेटाळली गेली. घरच्यांनी ठरवलेल्या, जातीतल्या, अठराच्या आतल्या लग्नासाठी कुठल्याही फलकावर नोटीस लावावी लागत नाही.